काळा पडदा राखाडी निघाला तेव्हा

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. सार्वजनिक बाग. उन्हाचा असा मारा की बाकांच्या लोखंडी पट्ट्यांना हात लावायची सोय नाही. कारंजं बंद, कुत्री झाडांच्या बुंध्याशी आडवी झालेली, माळी पाण्याचा पाइप तसाच टाकून कुठेतरी गडप. रंगमंच अगदी रिकामा, आणि तेवढ्यात डाव्या बाजूने एक बुटकी म्हातारी प्रवेश करते. डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात कॅमेरा, ओठांत दोन टाचण्या. टाचण्यांचं इथे काही काम नाही, पण त्या ओठांत असल्याशिवाय तिला नीट विचार करता येत नाही. एका मोठ्या झाडासमोर ती थांबते आणि मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहते. झाडाने अंगात काहीतरी लपवलंय आणि आता झडती घ्यायची आहे, असा तो चेहरा.

"आजी, फोटो काढायचे तर सकाळी यावं," बागेचा रखवालदार सावलीतूनच म्हणाला. "या वेळी कोण काढतं?"

"म्हणूनच या वेळी काढते. सकाळी सगळे नटून बसलेले असतात."

"कसले फोटो?"

"तुम्हाला दिसत नाही त्याचे."

रखवालदाराने सावली सोडली आणि बाग संपेपर्यंत तो तिच्या मागे मागे चालला. तिने त्याचं मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. उलट, हा माणूस कामाचा आहे अशी तिने मनात नोंद केली. जो संशय घेत नाही तो राखण कसली करणार?

ही टाचणीमावशी. नाट्यगृहाच्या कपडेपटात तिचा जन्म गेला. नटांना कपडे चढवायचे, उतरवायचे, धुवायचे, रफू करायचे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते नटांपासून वाचवायचे. ओठांत कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ती कधी प्रकाशात आली नाही. पण विंगेत उभी राहून तिने जेवढी नाटकं पाहिली तेवढी समोर बसून कोणी पाहिली नसतील; तीही मागच्या बाजूने, जिथून राजाच्या झग्याचं अस्तर दिसतं.

संशय हा तिच्या कामाचाच भाग होता. कोटाच्या खिशात ती रुमाल घडी घालून ठेवायची आणि प्रयोगानंतर घडी पाहून सांगायची की नायकाने खिशात हात घातला होता, आणि घातला तो सिगारेटसाठी. राणीच्या शालूला कोणत्या अत्तराचा वास लागलाय आणि ते अत्तर मंडळीत कोण लावतं हे तिला नुसत्या हुंगण्याने कळायचं; त्यातून दोन लग्नं जमली आणि एक मोडलं. सगळे तिला घाबरायचे. पण कोणाच्या अंगरख्याची शिवण ऐन प्रवेशात उसवली की तोच घाबरट नट विंगेत येऊन पाठ वळवायचा आणि ती अंधारात, चष्म्याशिवाय, त्याला सुई टोचू न देता टाके घालायची. 'जा' म्हणायची आणि पाठीवर थाप मारायची. त्या थापेवर कित्येकांनी टाळ्या घेतल्या.

निवृत्त झाली आणि एवढा सगळा संशय घरात येऊन पडला. पेपरवाला, गाळ्यातला किराणावाला, शेजारीण, कोणी सुटलं नाही. शेवटी एके दिवशी जावई कॅमेरा घेऊन आला.

जावयाचं कॅमेरे दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. शांत माणूस, छोट्या स्क्रूंमध्ये रमणारा. त्याने स्वतःचा जुना डिजिटल कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आई, हा तुमच्यासाठी. इन्फ्रारेड करून आणलाय."

"म्हणजे काय करून आणलंय?"

"आत सेन्सरवर एक काच असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड ती अडवते. ती काढली आणि दुसरी बसवली. ही नेहमीचा उजेड अडवते आणि न दिसणारा आत सोडते."

"म्हणजे चांगली होती ती काच काढली आणि भलतीच घातली." मावशीने मुलीकडे पाहिलं. "जावईबापूंच्या हातून मोडला वाटतं. मोडका म्हणून विकता येईना, आता सासूच्या गळ्यात."

मुलगी म्हणाली, "आई, बघ तरी."

मावशीने खिडकीतून फोटो काढला. सगळा लालभडक आला. झाड लाल, आभाळ लाल, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे लाल. तिने कॅमेरा जावयापुढे सरकवला आणि भुवया उंचावल्या.

"हो, आधी तसाच येतो," जावई म्हणाला. "याला पांढरं कशाला म्हणायचं ते शिकवावं लागतं. हिरवळीवर धरायचा आणि सांगायचं, हे पांढरं."

"गवत पांढरं?"

"हो."

"म्हणजे खोटं बोलायला शिकवायचं."

"तसं म्हणा."

यानंतर मात्र तिला त्या कॅमेऱ्यात रस वाटू लागला. खोटं बोलणाऱ्यांशी तिचं आयुष्यभर जमलं होतं.

ती शिकली. ऊन जितकं कडक तितकं याचं फावतं, हे शिकली. पहिल्या भिंगाने प्रत्येक फोटोच्या मधोमध एक फिकट डाग यायचा. तो आपल्याच बोटाचा आहे असं समजून तिने ते भिंग पुसपुसून काढलं आणि मग जावयानेच आधी बोट लावलं असणार असा निष्कर्ष काढला. भिंग बदलल्यावर डाग गेला. काही भिंगं या उजेडात अशीच वागतात, असं जावई म्हणाला. जावई म्हणाला, एवढ्यावर तिने ते खरं धरलं नाही. दोन्ही भिंगं आलटून पालटून, पुन्हा पुन्हा लावून पाहिली, तेव्हा धरलं.

आणि फोटो येऊ लागले. झाडांची पानं कापसासारखी पांढरी, आभाळ काळंकुट्ट, तळ्याचं पाणी शाईसारखं. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जवळजवळ गेलेल्या, गाल चिनी मातीचे. मावशी स्वतःशी पुटपुटली, "मेकअपवाला बसवलाय आत."

शेजारणीने मात्र कुठूनतरी ऐकलं की असला कॅमेरा कपड्यांतून आरपार बघतो. तिने खिडक्या लावून घेतल्या. मावशीने त्या बंद खिडकीचाही फोटो काढला, म्हणाली, "बघू तर खरं, ही एवढं काय लपवते." पडदा पडद्यासारखाच आला. तिची जराशी निराशा झाली.

अशात नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. तरुण माणूस, नम्र, पण हिशेबी.

"मावशी, मागचा काळा पडदा आणि विंगांचे पडदे नवे करायचेत. रंगाचं काम त्याच रंगाऱ्याकडे द्यायचं की दुसरीकडे? दुसऱ्या कारखान्याचा माणूस रोज येऊन बसतोय. तुम्ही एकदा जुना पडदा बघून सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

तिला कळलं आपल्या हातात काय दिलंय ते. रंगारीदादाकडे आता दुसरं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. तयार रंगाचं कापड सगळीकडे मिळू लागल्यापासून त्याच्या भट्ट्या एकेक करून विझल्या होत्या. एक चालू होती ती या नाट्यगृहापुरती. ते काम गेलं तर त्याची रंगकामाची शेड बंद. आणि दादा म्हणजे कोण? तिच्या पहिल्या नाटकापासून काळं कापड त्याच्याकडचं. काळा रंग करणं सर्वांत अवघड, तो म्हणायचा, बाकी रंग चुकले तर दुसरा रंग होतो, काळा चुकला तर मळकट होतो.

ती गेली. रिकाम्या रंगमंचावर काळा पडदा टांगलेला होता, चार पट्टे शिवून केलेला. तिने हाताने चाचपला, उलटा करून हुंगला, शिवणी पाहिल्या. ठीक होतं सगळं. मग गळ्यात कॅमेरा होताच, तर तिने फोटो काढला. काहीच आलं नाही, नुसता अंधार. जावयाने सांगितलेलं तिला आठवलं, की नवे दिवे थंड असतात, त्यांच्यात हा उजेड नसतो. तिने दिवेवाल्याला जुने, तापणारे पिवळे दिवे लावायला लावले आणि पुन्हा काढला.

फोटोत दोन पट्टे काळे होते. दोन राखाडी, चुलीतल्या राखेसारखे.

तिने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. डोळ्याने पाहिलं तर चारही काळे. फोटोत पाहिलं तर दोन राखाडी. आणि राखाडी निघालेले दोन पट्टे गेल्या वर्षी बदललेले, तिच्या निवृत्तीनंतर.

मॅनेजर म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. उद्या-परवा सांगते," ती म्हणाली. कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला कळलं होतं. मी गेले आणि लगेच स्वस्तातला रंग. इतकी वर्षं माझ्या धाकाने नीट वागला की काय हा?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेडवर गेली. अंगणात दोरीवर ओलं कापड टांगलेलं, दारात पिंप, आणि पिंपाजवळ स्टुलावर दादा. डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगल तिने त्याच्या डोळ्यांवर कधीच पाहिला नव्हता. त्याची सून लांब काठीने भट्टीतलं कापड ढवळत होती.

"कोण?" दादा म्हणाला, आणि लगेच, "टाचणे, तू होय. ये."

"ओळखलंस म्हणायचं. गॉगल काय लावतोस? नट झालास?"

"ऊन लागतं डोळ्यांना."

"आजवर नाही लागलं ते?"

"आजवर तू एवढ्या उन्हात आली नव्हतीस."

सून हसली. मावशी हसली नाही. "दादा, गेल्या वर्षीचे दोन पट्टे. त्यांचा रंग कोणता?"

"काळा."

"तो मलाही दिसतो. कुठला काळा? नेहमीचा?"

दादा थांबला. अगदी क्षणभर. मग म्हणाला, "नेहमीचा आता मिळत नाही. कंपनी बंद झाली. दुसरा आणला. चांगला आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठं होतीस तिथं?"

हे तिला लागलं. पण तिचं मन अडलं होतं त्याच्या त्या क्षणभर थांबण्यापाशी. तो क्षण तिच्या ओळखीचा होता. वाक्य विसरलेला नट असा थांबतो. तिला त्याचे डोळे बघायचे होते आणि मधे तो काळा गॉगल. ती म्हणाली, "थांब, फोटो काढते तुझा," आणि तो नाही म्हणायच्या आत तिने काढला.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. अंगणातलं झुडूप पांढरं, भिंत पांढरी, दादाचा चेहरा चिनी मातीचा. आणि गॉगल? गॉगलच्या काळ्या काचा या न दिसणाऱ्या उजेडात खिडकीच्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. आतले दोन्ही डोळे दिसत होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. डावीकडे बघत होते, सून उभी होती तिकडे.

आता तर खात्रीच झाली. वाक्य विसरलेला नट विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे असाच बघतो, वाक्य मिळेपर्यंत. सासरा बोलतोय आणि शब्द सुनेचे. दोघांनी मिळून नाट्यगृहाला शेंडी लावलीय. तिने मॅनेजरला फोन लावला. त्याचा नंबर व्यस्त होता, नाहीतर ही गोष्ट तिथेच संपली असती.

त्या संध्याकाळी मुलगी-जावई जेवायला आले होते. तिने पडद्याचा फोटो जावयासमोर धरला. "बघा. पुरावा."

जावयाने पाहिलं. "हा कशाचा पुरावा?"

"फसवणुकीचा. दोन काळे, दोन राखाडी."

"आई, रंग बदलला की हे होणारच. काही काळे रंग हा उजेड पिऊन टाकतात, काही परत फेकतात. त्यात स्वस्त-महाग काही नाही. डोळ्याला दोन्ही काळेच."

"तुम्ही दुकानदार. एकमेकांना सांभाळून घेणार."

जावयाने हात जोडले. मुलगी उठली, आतल्या कपाटातून एक काळा कोट घेऊन आली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. न्यायाधीशाचा कोट. मावशीच्या आयुष्यातलं सर्वांत लाडकं काम. निवृत्तीच्या दिवशी मंडळींनी तिलाच देऊन टाकला होता. किती न्यायाधीश त्यात जाड झाले, बारीक झाले, घामाने भिजले. तिने तो इतक्यांदा दुरुस्त केला आणि एकदाही कोणाला कळू दिलं नाही. नट स्वतः म्हणायचे, मावशी, नवा शिवलात की काय.

"याचा काढ," मुलगी म्हणाली. "यात तर कोणी फसवलं नाही ना?"

टेबलावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यात मावशीने फोटो काढला.

कोट फिकट आला, आणि त्यावर तिचं सगळं आयुष्य गडद होऊन वर आलं. दोन्ही कोपरांवरची ठिगळं. काखेत जोडलेली कापडाची कळी. पाठीला दिलेली पट्टी, त्या एका अवाढव्य न्यायाधीशासाठी. कॉलरखालचा चौकोन. प्रत्येक ठिगळ वेगळं, प्रत्येक शिवण उघडी. जे झाकायला तिने डोळ्यांची वाट लावली ते सगळं त्या कॅमेऱ्याने भर दरबारात ओरडून सांगितलं.

 जेवण थंड होत होतं.

"मग मीही फसवलंच की," मावशी म्हणाली.

"कोणाला?" जावई म्हणाला.

 तिने एक ठिगळ बोटाने चाचपलं. बोटालाही ते सापडलं नाही, इतकं ते चांगलं बसलं होतं.

तरी ती मावशी होती, लगेच कोणाला सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नाट्यगृहात गेली, कॅमेरा घरी ठेवून. दिवेवाल्याला म्हणाली, प्रयोगाला लावतोस तसे दिवे लाव. एका कामगाराला काळे कपडे घालून पडद्यासमोरून खुर्ची उचलून न्यायला सांगितलं. आणि स्वतः शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली, जिथे स्वस्त तिकिटवाले बसतात आणि सर्वांत जास्त दोष काढतात.

खुर्ची हवेत तरंगत गेली. माणूस दिसला नाही. चारही पट्टे एक होऊन मागे नुसता काळोख होता, खोल, विहिरीसारखा.

तिला बरं वाटलं. पण क्षणभर थांबलेला दादा आणि डावीकडे वळलेले ते डोळे तिच्या मनातून गेले नाहीत. रंगाचा हिशेब लागला, डोळ्यांचा लागला नव्हता. ती थेट शेडवर गेली.

या वेळी ती आवाज न करता गेली. विंगेतून चालायची सवय होती. अंगणात दादा स्टुलावर तसाच बसलेला. सून कापडाचा ओला तुकडा वर धरून उभी होती, आणि म्हणत होती, "अजून थोडा. काठाला तांबूस झाक आहे."

"किती तांबूस?"

"कपातल्या चहाच्या तळाशी असते तेवढी."

"मग अजून एक उकळी. मीठ घातलंस?"

"घातलं."

मावशी दादाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. हात लांब केला असता तर त्याच्या नाकाला लागला असता. तो सुनेच्या दिशेनेच बघत राहिला.

सुनेने तिला पाहिलं आणि हातातलं कापड खाली आलं.

"कोण आलंय?" दादा म्हणाला.

"मी आलेय," मावशी म्हणाली. "केव्हापासून रे?"

दादाने गॉगल काढला. आता काढून काही फरक पडत नव्हता. "दोन वर्षं होतील. कडेकडेचं दिसतं थोडं. आवाजावर भागतं."

"आणि रंग?"

"हिचा," तो म्हणाला. "हात हिचे, डोळे हिचे. माझी नुसती बडबड."

"सगळी बडबड यांचीच आहे, मावशी," सून घाईने म्हणाली. "कुठली उकळी, किती मीठ, ते सगळं यांनी शिकवलं. मी फक्त कसं दिसतं ते सांगते. नाट्यगृहात कळलं असतं तर म्हणाले असते, आंधळ्याकडे काळा रंग कशाला द्यायचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं," दादा म्हणाला, "तर तू पडदा उलटा करून हुंगला असतास."

"तो मी तसाही हुंगला."

"मग?"

मावशीने टाचण्या ओठांत धरल्या आणि भट्टीजवळ गेली. सुनेच्या हातातला तुकडा घेतला, उन्हाकडे धरला, चुरगळला, कानाजवळ नेऊन ओढला, हुंगला. सून श्वास रोखून उभी. दादा कान टवकारून. मावशीने मुद्दामच जास्त वेळ लावला. प्रवेश रंगवायचा कसा हे तिने विंगेतून पुष्कळ पाहिलं होतं.

मग तिने तिथूनच मॅनेजरला फोन लावला. म्हणाली, मी शेवटच्या रांगेत बसून पाहिलं, पडदा चोख आहे, काम याच शेडला द्या. रंगारी आता दोघं आहेत, सासरा आणि सून, दोघांचीही नावं नाट्यगृहाच्या पाटीवर टाका आणि दोघांनाही विचारत जा. मॅनेजर काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, मी म्हणेन तसं, असं तुम्हीच म्हणाला होतात. फोन ठेवला.

 दादाने हात पुढे केला, नेमका नाही, जरा बाजूला. तिने एक पाऊल सरकून तो हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, नटांना प्रवेशाआधी मारायची तशीच.

दारापर्यंत गेली आणि वळली. सून अजून भट्टीपाशीच उभी होती, डोळे पुसत होती, की धुराने झोंबले होते कोण जाणे. मावशीने तिला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि ओठांतल्या टाचण्यांच्या मधून म्हणाली, "पहिल्या ताग्याचा नमुना घेऊन भर दुपारी माझ्याकडे ये. आणि येताना याचा गॉगल लावून ये, तुझेही डोळे एकदा कॅमेऱ्यातून बघून ठेवते."